सुरत–जळगाव लोहमार्गाने धुळ्याला वळसा का घातला?

पांझराकाठ यांचा प्रश्न

खानदेशाचा रेल्वेचा नकाशा समोर ठेवला की एक गोष्ट खटकते. १८६० च्या दशकात मुंबईहून आलेला जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा मुख्य मार्ग नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असा भुसावळला गेला आणि धुळे त्याच्या उत्तरेला राहून गेले. पुढे १९०० च्या सुमारास सुरतेहून ताप्ती व्हॅली रेल्वे आली. ती नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर अशी गेली आणि या खेपेला धुळे तिच्या दक्षिणेला राहिले. अखंड खानदेश जिल्ह्याच्या कलेक्टरचे ठाणे, मुंबई–आग्रा रस्त्यावरची मोठी पेठ, आणि तरीही दोन्ही मार्गांनी ते टाळावे, याचा उलगडा होत नाही. धुळ्याच्या वाट्याला चाळीसगावहून येणारा ५६ किलोमीटरचा फाटा तेवढा आला.

आमच्याकडे याची तयार उत्तरे पुष्कळ आहेत. कोणी सांगते की धुळ्याच्या व्यापाऱ्यांनी रेल्वेला विरोध केला, कोणी सांगते की कलेक्टरसाहेबांना गावाजवळ इंजिनाचा धूर नको होता, तर कोणी एखाद्या बड्या जमीनदाराचे नाव घेते. अशा गोष्टी महाराष्ट्रात रेल्वे न आलेल्या प्रत्येक गावात सांगितल्या जातात, त्यामुळे त्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

ताप्ती व्हॅली रेल्वेचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना माझे दोन प्रश्न आहेत. हा मार्ग खानदेशातून सुरतेकडे न जाता सुरतेकडून खानदेशात का आला, म्हणजे त्यामागे नेमके कोण होते? आणि सुरतेहून निघालेल्या कंपनीने जळगावपर्यंत न जाता अमळनेरलाच हात का आखडता घेतला? धुळ्याच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा या दोन उत्तरांतच दडलेले असावे, असे मला वाटते.


सातमाळा यांचा प्रतिसाद

प्रश्न चांगला मांडला आहे. उत्तराची सुरुवात मात्र १९०० पासून न करता त्याच्या आधीच्या पन्नास वर्षांपासून करावी लागेल, कारण तापीच्या खोऱ्यातून रेल्वे नेण्याची कल्पना जीआयपीच्या खानदेशातल्या पहिल्या रुळापेक्षा जुनी आहे.

मुंबईहून देशात रेल्वे न्यायची तर सह्याद्री चढावा लागतो. जीआयपीने त्यासाठी बोरघाट आणि थळघाट हे दोन चढ निवडले आणि दोन्ही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट इतकी तीव्र चढण पत्करली. त्या काळच्या इंजिनांना हा चढ किती जड होता, हे मागे जोडाव्या लागणाऱ्या जादा इंजिनांवरून कळते. या निवडीला ज्यांनी जाहीर विरोध केला त्यांत कर्नल जॉन पिट केनेडी हे नाव ठळक आहे. ते भारत सरकारचे सल्लागार अभियंता होते आणि पुढे बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे म्हणणे असे होते की घाट चढण्याचा अट्टाहास सोडावा, किनाऱ्याने उत्तरेकडे सुरतेपर्यंत जावे आणि तिथून नदीच्या खोऱ्याने देशात शिरावे. पश्चिमेला वाहणाऱ्या दोन मोठ्या नद्या, नर्मदा आणि तापी, सह्याद्रीला बगल देऊन समुद्राला मिळतात. रेल्वेने त्यांचीच वाट उलट दिशेने धरावी, असा हा साधा विचार होता.

आकड्यांत पाहिले तर हा विचार पटतो. थळघाटाच्या माथ्यावरचे इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि जळगाव सुमारे २०० मीटरवर, म्हणजे मुंबईहून जळगावला येणारी गाडी आधी ६०० मीटर चढते आणि मग त्यातले ४०० मीटर उतरते. सुरतेहून तापीच्या कडेने आले तर तीनशे किलोमीटरमध्ये एकंदर उंचीचा फरक २०० मीटरच्या आसपास राहतो. नवापूरच्या अलीकडे-पलीकडे डोंगराळ टापू आहे खरा, पण त्याला घाट म्हणता येणार नाही.

व्यापाराची वाटही हीच होती. मोगलांच्या काळात सुरत हे बंदर आणि बुऱ्हाणपूर हे सुभ्याचे ठाणे, या दोहोंना जोडणारा रस्ता नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर असा जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये याच रस्त्याने बुऱ्हाणपूरला गेला. तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानेही हा रस्ता तुडवला आणि नवापूरच्या तांदळाची त्याने तोंड भरून स्तुती केली आहे. दाणा बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि वासाला कस्तुरीसारखा, असे त्याचे वर्णन आहे. धरणगावला सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, तीही या सुरतेच्या व्यापारामुळेच. धुळे या जुन्या वाटेवर नव्हतेच. त्याचे महत्त्व १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने तिथे ठाणे वसवल्यावर वाढले आणि ते मुख्यतः मुंबई–आग्रा या दक्षिणोत्तर रस्त्यामुळे वाढले.

केनेडींचे म्हणणे मान्य झाले नाही. एकाच मुलखासाठी दोन कंपन्यांना सरकारी हमी देऊन स्पर्धा लावण्यात सरकारला अर्थ दिसला नाही आणि खानदेश-वऱ्हाडचा कापूस जीआयपीच्या पदरात पडला. थळघाटाचा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीला खुला झाला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले होते, आणि जळगावचे एका साध्या गावातून कापसाच्या पेठेत रूपांतर झाले ते याच वर्षांत. दुसरीकडे बीबीसीआयने १८६० मध्ये अंकलेश्वर ते उत्राण हा पहिला तुकडा सुरू केला आणि १८६४ मध्ये ती मुंबईला पोहोचली. म्हणजे १८६५ साली सुरतेलाही रेल्वे होती आणि जळगावलाही होती, मधला तीनशे किलोमीटरचा पट्टा मात्र पुढची पस्तीस वर्षे बैलगाडीवरच राहिला.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यात येते. खानदेशातून सुरतेकडे रेल्वे नेण्याची गरज जीआयपीला कधीच नव्हती, कारण तिथला माल तिच्या हातात आधीच होता. ज्याला तो माल आपल्याकडे वळवायचा होता तो सुरतेच्या बाजूला बसला होता.


अमळनेरकर यांचा प्रतिसाद

सातमाळा यांनी पाया घातला आहे, त्यावर मी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

१८९० च्या दशकात सरकारने फाट्यांच्या रेल्वेसाठी नवे धोरण आणले. मुख्य मार्ग बहुतेक झाले होते. आता त्यांना माल आणून देणारे फाटे हवे होते आणि त्यासाठी सरकारला पूर्वीसारखी व्याजाची हमी द्यायची नव्हती. म्हणून असे ठरले की फाटा बांधणाऱ्या कंपनीने भांडवल स्वतः उभे करायचे, शेजारच्या मोठ्या कंपनीने गाड्या चालवायच्या, आणि फाट्यामुळे मोठ्या कंपनीला जो जादा माल मिळेल त्याच्या उत्पन्नातला काही हिस्सा तिने फाट्याच्या कंपनीला परत द्यायचा, म्हणजे भागधारकांच्या लाभांशाची बेगमी होते. ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनी ही या धोरणाच्या काळातली. तिची व्यवस्था मुंबईच्या किलिक निक्सन आणि कंपनीकडे होती, गाड्या बीबीसीआय चालवत असे आणि रूळ साडेपाच फुटी, म्हणजे आज आपण ब्रॉडगेज म्हणतो ते होते. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. त्या काळातले कितीतरी फाटे पैसे वाचवण्यासाठी अरुंद रुळांचे बांधले गेले. आपल्याकडचा पाचोरा–जामनेर हे त्याचे उदाहरण, आणि त्याच्या मालक कंपनीची व्यवस्थाही याच किलिक निक्सनकडे होती. ताप्ती लाईनला मात्र दोन्ही टोकांना ब्रॉडगेजशी जोडायचे होते, कारण वाटेत गाठी उतरवून पुन्हा चढवाव्या लागल्या असत्या तर तिचा निम्मा फायदा तिथेच संपला असता.

सुरत ते अमळनेर हा सुमारे २५० किलोमीटरचा मार्ग १९०० पर्यंत सुरू झाला. अमळनेर ते जळगाव हा उरलेला, साधारण ५६ किलोमीटरचा तुकडा जीआयपीने आपला फाटा म्हणून बांधला आणि तोही त्याच वर्षी सुरू झाला. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी दोन बाजूंनी येऊन मधल्याच एका तालुक्याच्या गावी हस्तांदोलन करावे, हे वरवर पाहता विचित्र वाटते. अंतरे मांडली की त्यातले गणित दिसते.

जळगावहून मुंबई जीआयपीने ४२० किलोमीटर. जळगावहून सुरत सुमारे ३१० आणि सुरतेहून मुंबई २६३, म्हणजे त्या वाटेने सुमारे ५७३ किलोमीटर. जळगावच्या गाठी सुरतेमार्गे पाठवणे म्हणजे दीडशे किलोमीटरचे भाडे फुकट भरणे. नंदुरबारला हे उलटे होते. तिथून सुरतेमार्गे मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, आणि जळगावमार्गे पावणेसहाशेच्या घरात. ज्या ठिकाणी दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या होतात ते ठिकाण शोधायचे तर दीडशेचे निम्मे करून जळगावपासून तेवढे पश्चिमेला सरकायचे. पंचाहत्तर किलोमीटरवर आपण अमळनेर ओलांडून बेटावदच्या आसपास येतो. म्हणजे अमळनेर हे जवळपास त्या पाणलोटाच्या रेषेवरचे गाव आहे. त्याच्या पश्चिमेचा कापूस स्वभावतः सुरतेकडे उतरतो आणि पूर्वेचा जळगावकडे. प्रत्यक्षात भाडे नुसत्या अंतरावर ठरत नसे, दोन्ही कंपन्या एकमेकींचा माल ओढण्यासाठी दर खालीवर करत, त्यामुळे हे गणित कोणी कागदावर मांडून सीमा आखली असे मी म्हणणार नाही. पण सीमा जिथे पडली तिथे ती का टिकली, हे यावरून कळते असे माझे मत आहे.

बीबीसीआयच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे कुलाबा. मुंबईचा कापसाचा बाजार त्या काळी कुलाब्याला भरत असे. शिवडीला तो १९२० च्या दशकात गेला. बीबीसीआयचे शेवटचे स्थानक कुलाबाच होते. नंदुरबारला किंवा दोंडाईच्याला जिनमध्ये सरकी काढून, प्रेसमध्ये गाठ बांधून डब्यात चढवलेला माल वाटेत न उतरता थेट बाजाराच्या दारात जात होता.

अमळनेरला या जागेचा फायदा कसा झाला, हे सांगताना गावकरी म्हणून माझा तोल जाण्याची शक्यता आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. रेल्वे आल्यानंतर काही वर्षांतच, १९०६ मध्ये, श्रीमंत प्रताप शेठ यांनी प्रताप मिल काढली. कापूस दाराशी, कोळसा आणि यंत्रे आणायला दोन दिशांनी रेल्वे, आणि तयार माल पाठवायला दोन कंपन्यांचे दर तोलून पाहण्याची सोय, असे गाव गिरणीमालकाला सहज मिळत नाही. १९४५ च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला तोही इथेच. त्याच कंपनीला आज जग विप्रो म्हणून ओळखते. भुईमूग इथल्या शिवारातला होता, हे कारण सगळे सांगतात. डबे भरून मुंबईला पाठवायला रेल्वे होती, हे मात्र कोणी सांगत नाही.


लळिंग यांचा प्रतिसाद

आता मूळ मुद्दा, म्हणजे धुळे.

वरच्या दोन्ही प्रतिसादांनंतर व्यापाऱ्यांच्या विरोधाच्या किंवा साहेबाला धूर नको असल्याच्या कथांची गरज उरत नाही. ताप्ती लाईन नरडाण्याहून धुळ्याला आणायची आणि तिथून अमळनेरला न्यायची, तर रस्ता दुपटीहून अधिक लांबला असता. नरडाण्याहून धुळे पस्तीसेक किलोमीटर आणि धुळ्याहून अमळनेर साधारण तेवढेच, तर नरडाण्याहून अमळनेर सरळ गेले की तीस-पस्तीस. सुरतेकडे जाणाऱ्या प्रत्येक गाठीला हा तीस-चाळीस किलोमीटरचा वळसा पडला असता, आणि मी आत्ताच वाचलेल्या गणितानुसार कंपनीचा सगळा डाव अंतरावरच उभा होता.

याहून वजनदार कारण असे की त्याच काळात जीआयपी चाळीसगावहून धुळ्याला येत होती. राजमाने, शिरूड, बोरविहीर या गावांवरून येणारा हा फाटाही १९०० मध्येच सुरू झाला. एकाच वर्षी तीन नवे मार्ग खानदेशात उघडतात, त्यांतले दोन जीआयपीचे, आणि ते दोन्ही बरोबर त्या जागी जातात जिथे सुरतेची कंपनी हात घालू शकली असती, हा योगायोग मला वाटत नाही. धुळ्यापासून मुंबई चाळीसगावमार्गे ३८४ किलोमीटर, म्हणजे धुळ्याच्या मालाला सुरतेची वाट कधीच परवडली नसती. जीआयपीने आपले कुंपण वेळेवर घातले एवढेच.

मुख्य मार्गाने १८६० च्या दशकात धुळे का टाळले, याचे उत्तर आणखी सोपे आहे. जीआयपीला भुसावळ गाठायचे होते, कारण तिथून एक शाखा खांडव्याकडून जबलपूरला आणि दुसरी वऱ्हाडातून नागपूरला जायची होती. मनमाडहून भुसावळला जाण्यासाठी गिरणेच्या खोऱ्याने चाळीसगाव, पाचोरा, जळगाव हीच सरळ वाट आहे. हा मार्ग खानदेशासाठी आखलेलाच नव्हता. जबलपूरला कलकत्त्याकडून येणाऱ्या मार्गाशी १८७० मध्ये जोड झाली तेव्हा त्याचा हेतू पुरा झाला. मधल्या गावांचे नशीब ते वाटेत येतात की नाही एवढ्यावर ठरले. चाळीसगाव आले, धुळे आले नाही.

फाट्याच्या टोकाचे गाव असण्याचा तोटा पुढे शंभर वर्षे भोगावा लागला, ही तक्रार मात्र रास्त आहे. धुळ्याहून मुंबईला जाणारे डबे चाळीसगावला नेऊन तिथे मुख्य गाडीला जोडण्याची पद्धत वर्षानुवर्षे होती. मागून येणारी गाडी उशिरा असली की धुळ्याचे डबे फलाटाच्या कडेला अंधारात उभे असत आणि आतले उतारू खिडकीतून डोके काढून सिग्नलकडे पाहत बसत. धुळे–मुंबई अशी स्वतंत्र थेट गाडी अलीकडे सुरू झाली.


पांझराकाठ

सातमाळा, अमळनेरकर आणि लळिंग, आपल्या तिघांचेही मनापासून आभार. कुंपणाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आता एक पुरवणी प्रश्न विचारतो. कापसाच्या गाठी घेऊन जाण्यासाठी बांधलेला हा मार्ग नंतर कशावर चालला? आणि अमळनेरला असलेली दोन कंपन्यांची सीमा आज कुठे गेली?


तिसरी घंटा यांचा प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. ताप्ती व्हॅली कंपनी १९४० च्या दशकात सरकारने विकत घेतली आणि ती बीबीसीआयमध्ये विलीन झाली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपीची मध्य रेल्वे झाली आणि बीबीसीआयची पश्चिम रेल्वे. आज सुरतेलगतचे उधना ते जळगाव हा सगळा पट्टा पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात आहे, म्हणजे जीआयपीने बांधलेला अमळनेर–जळगाव तुकडाही पलीकडे गेला आहे आणि सीमा अमळनेरहून सरकून जळगावला आली आहे. जळगाव स्थानकापासून पंचवीस किलोमीटरवर भुसावळला मध्य रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे, पण धरणगाव किंवा पाळधीच्या प्रवाशाची तक्रार जाते मुंबईला.

दुसरी एक सीमा या मार्गावर नंतर उगवली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि राज्यांची हद्द नवापूर स्थानकाच्या मधून गेली. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातमध्ये आहे. हद्दीवर एक बाक आहे, त्याच्या अर्ध्या भागावर एका राज्याचे नाव आणि अर्ध्यावर दुसऱ्याचे. प्रवासी त्यावर बसून छायाचित्रे काढतात. मार्ग बांधला गेला तेव्हा मात्र तिथल्या हद्दी याहून गुंतागुंतीच्या होत्या. बारडोली इंग्रजी मुलखात, व्यारा आणि सोनगड गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, आणि पुढे नवापूरपासून पुन्हा इंग्रजांचा खानदेश. कापसाच्या एका गाठीला सुरतेला पोहोचेपर्यंत दोन राजवटी पाहाव्या लागत.

आता पहिला प्रश्न. कापूस बराच काळ राहिला. त्याच्या जोडीला नवापूरकडचे सागवान, नंदुरबार-दोंडाईच्याची मिरची, भुईमूग आणि तेल असा माल होता. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या मार्गाने सगळ्यात जास्त काय नेले असेल, तर ती खानदेशातली माणसे. सुरतेच्या कापड धंद्याला मजूर हवे होते आणि इथल्या कोरडवाहू शेतीला ते पोसवत नव्हते. शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, एरंडोल या तालुक्यांतल्या खेड्यांतून पोरे उधन्याला उतरली ती तिथेच राहिली. उधना आणि लिंबायत या भागांत आज अहिराणी सहज कानावर पडते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि लग्नसराईत सुरत–भुसावळ पॅसेंजरला जी गर्दी होत असे ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको; डब्याच्या दोन बाकांमध्ये धान्याचे पोते, त्यावर बसलेली म्हातारी आणि तिच्या मांडीवर झोपलेले नातवंड, आणि दारात उभ्या माणसांमधून वाट काढत चहावाला.

त्या गर्दीत भर घालणारी दुसरी गोष्ट म्हणजे हा मार्ग शंभराहून अधिक वर्षे एकेरी होता. समोरून गाडी यायची असली की आपली गाडी लहानशा स्थानकात बाजूच्या रुळावर थांबे, आणि लांब पल्ल्याच्या नवजीवनला किंवा हावडा एक्स्प्रेसला वाट देण्यात पॅसेंजरचा दिवस जाई. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून जुन्या पद्धतीत चालकाच्या हाती टोकन द्यावे लागे. टोकन म्हणजे यंत्रातून निघणारा लोखंडी गोळा. तो चामड्याच्या पिशवीत घालून पिशवीला वेताचे मोठे कडे लावलेले असे. स्थानकावर न थांबणारी गाडी आली की पॉइंट्समन फलाटाच्या टोकाला ते कडे उंच धरून उभा राही आणि इंजिनातला माणूस धावत्या गाडीतून त्यात हात घालून ते उचली. त्याच वेळी मागच्या टप्प्याचे कडे तो खाली टाकून देई. हा गोळा यंत्रातून बाहेर असेपर्यंत पुढच्या स्थानकावरच्या यंत्रातून दुसरा गोळा निघतच नसे, त्यामुळे त्या टप्प्यात दुसरी गाडी सोडता येत नसे.

उधना–जळगाव दुहेरीकरण आणि विद्युतीकरण गेल्या दशकात पूर्ण झाले आणि क्रॉसिंगची ही कटकट संपली. कर्नल केनेडींना जो सपाट मार्ग हवा होता त्यावरून आज कोळशाच्या आणि कंटेनरच्या मालगाड्या गुजरातच्या बंदरांकडे आणि वीजकेंद्रांकडे धावतात. त्यांचे म्हणणे निदान मालगाड्यांपुरते तरी खरे ठरले, असे म्हणायला हरकत नसावी.


चोपडेकर यांचा प्रतिसाद

चर्चा धुळ्यावर चालली आहे म्हणून राहवत नाही. धुळ्याला फाटा तरी मिळाला. तापीच्या उत्तर तीरावर काय मिळाले, ते कोणीतरी नकाशात पाहावे.

सातमाळा यांनी सुरत–बुऱ्हाणपूर रस्त्याची गावे दिली आहेत, त्यांत थाळनेर आणि चोपडा ही दोन्ही उत्तर तीरावरची आहेत. जुना रस्ता थाळनेरजवळ तापी ओलांडून पुढे उत्तरेकडून जात असे. थाळनेर तर फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. रेल्वेने हा रस्ता नंदुरबार-शिंदखेड्यापर्यंत धरला आणि पुढे नदी ओलांडायचे नाव घेतले नाही. सुरत तापीच्या दक्षिण तीरावर आहे आणि जळगावही दक्षिणेलाच, त्यामुळे तापीच्या खोऱ्याचे नाव लावणाऱ्या या संपूर्ण मार्गावर तापीवरचा एकही पूल नाही. बोरी, पांझरा, गिरणा अशा दक्षिणेकडून येणाऱ्या नद्यांवर पूल बांधले गेले, कारण ते टाळताच येत नव्हते. तापीचे पात्र रुंद, काठ खोल आणि पावसाळ्यात पूर मोठा. कंपनीच्या भागधारकांना तो खर्च परवडणारा नव्हता, हे मी समजू शकतो. परिणाम असा झाला की शहादा, तळोदा, शिरपूर आणि चोपडा या काळ्या कसदार जमिनीच्या चारही तालुक्यांना आजपर्यंत रेल्वे नाही. आमच्या कापसाच्या आणि केळीच्या गाड्या आधी नदी ओलांडून धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा किंवा नंदुरबार गाठत आल्या आहेत. केळीच्या बाबतीत आमच्यापेक्षा रावेर आणि सावदा यांचे नशीब बरे, कारण भुसावळहून खांडव्याकडे जाताना जीआयपीने तापीवर पूल बांधला आणि ती दोन्ही स्थानके मुख्य मार्गावर आली; दिल्लीला जाणारी केळी तिथे थेट डब्यात भरली जातात.

पांझराकाठ यांना एक बातमी सांगतो, कदाचित त्यांना ती ठाऊकही असेल. मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो मालेगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर असा जाणार आहे आणि त्यातल्या बोरविहीर ते नरडाणा या टप्प्याचे काम आधीच हाती घेतले गेले आहे. तो टप्पा झाला की धुळे सुरतेच्या मार्गाला जोडले जाईल आणि नरडाण्याला जंक्शनची पाटी लागेल. शिरपूरला जाण्यासाठी या मार्गाला तापी ओलांडावीच लागणार आहे. शहादा, तळोदा आणि चोपडा त्यानंतरही एसटीनेच स्थानकावर येतील.